केमिकल पील : सगळा खेळ खोलीचा

लग्नसराई तोंडावर आली की त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात एक विनंती हमखास येते : "डॉक्टर, हळद शनिवारी आहे. तोवर एखादं पील करून द्या ना." डॉक्टर भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे पाहतात आणि नाही म्हणतात. मंगळवारी पील केलं, तर शनिवारी नेमकी नाकाच्या कडेची आणि हनुवटीची साल सुटत असते. त्या कोवळ्या, लालसर चेहऱ्यावर करवल्या हौसेने हळद चोळणार, त्यावर मेकअपचे थर चढणार, आणि चुरचुरणाऱ्या गालांनी नवरीला दोन दिवस फोटोसाठी हसावं लागणार. लग्नासाठीच पील करायचं असेल तर तीन-चार महिने आधी यावं लागतं आणि शेवटचं पील कार्याच्या निदान दोन-तीन आठवडे आधी उरकावं लागतं.

घाई करणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पार्लरच्या दरपत्रकात पील फेशियलच्या खालच्याच ओळीत छापलेलं असतं, त्यामुळे दोन्ही एकाच जातीची वाटतात. फेशियल त्वचेच्या वरवर चोळून थांबतं. पील त्वचेला मुद्दाम, मोजूनमापून इजा करतं, आणि ती भरून काढताना शरीर जी नवी त्वचा आणतं तिचा फायदा घेतं. इजा किती खोल करायची, हा या उपचारातला पहिला प्रश्न. बाकीचे बरेचसे प्रश्न त्याच्याच पोटात आहेत.

पीलमधली आम्लं तशी ओळखीची आहेत. ग्लायकोलिक आम्ल उसात असतं, लॅक्टिक आंबलेल्या दुधात, टार्टारिक चिंचेत आणि द्राक्षांत, मॅलिक सफरचंदात. मँडेलिक आम्लाचं मूळ कडू बदामात आहे, तर सॅलिसिलिकचं नातं विलो झाडाच्या सालीशी. अर्थात दवाखान्यातल्या बाटलीतलं आम्ल बहुतेक वेळा कारखान्यातच तयार झालेलं असतं, त्यामुळे 'नैसर्गिक फळांचं पील' या शब्दांवर फार भाळू नये. तोंडाला साय किंवा आंबट दही लावणाऱ्या आज्यांना लॅक्टिक आम्लाचं रसायनशास्त्र ठाऊक नव्हतं, पण त्वचा मऊ पडते हे नक्की ठाऊक होतं. त्यात लिंबू पिळण्याची जी टूम आहे ती मात्र सोडून दिलेली बरी. लिंबाच्या रसातले काही घटक त्वचेवर असताना ऊन लागलं तर त्वचा भाजल्यासारखी होते आणि तिथे उठलेले काळे डाग महिनोन्महिने जात नाहीत.

ग्लायकोलिक आणि लॅक्टिक आम्लं आज सौंदर्याच्या दुकानात दिसत असली तरी त्वचाशास्त्रात ती आली एका आजाराच्या वाटेने. इक्थिऑसिस नावाच्या विकारात त्वचा माशाच्या खवल्यांसारखी कोरडी आणि जाड होते. यूजीन व्हॅन स्कॉट आणि रुए यू या दोन अमेरिकी संशोधकांनी १९७४ साली दाखवून दिलं की या गटातली आम्लं लावल्यावर ती खवलं सुटतात. त्वचेच्या सगळ्यांत वरच्या थरातल्या मृत पेशी प्रथिनांच्या दुव्यांनी एकमेकींना धरून असतात. ही आम्लं ते दुवे सैल करतात. तरुणपणी साधारण चार आठवड्यांत बाह्यत्वचेच्या तळाशी जन्मलेली पेशी वर येऊन गळून पडते. वय वाढतं तसा हा वेग मंदावतो, आणि जुन्या पेशी रेंगाळल्या की चेहरा निस्तेज, खरखरीत वाटू लागतो. हलकं पील या रेंगाळलेल्या पेशींना वाट मोकळी करून देतं.

सॅलिसिलिकचा स्वभाव निराळा आहे. ते तेलात विरघळतं, म्हणून तेलकट त्वचेच्या छिद्रांत सहज उतरतं आणि तिथे साचलेला मळ मोकळा करतं. मुरूम आणि ब्लॅकहेड्स असणाऱ्यांसाठी डॉक्टर आधी त्याच्याकडे वळतात ते यामुळे. ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्ल, ज्याला दवाखान्यात सगळे टीसीए म्हणतात, ते आणखी कडक. ते पेशींमधली प्रथिनं साकळवून टाकतं. हे आम्ल लावलेला भाग बघताबघता पांढरा पडतो. त्याला 'फ्रॉस्ट' म्हणतात, आणि तो किती दाट आहे यावरून आम्ल कुठवर पोचलं याचा अंदाज डॉक्टर बांधतात.

आता खोलीचा हिशेब. चेहऱ्यावरची बाह्यत्वचा जेमतेम एक दशांश मिलिमीटर जाडीची असते. तिच्याखाली आंतरत्वचा, जिथे रक्तवाहिन्या, कोलॅजेनचे तंतू आणि केसांची मुळं असतात. दिवाळीआधी घर रंगवताना कोणी नुसते सुटलेले पापुद्रे खरवडतो, तर कोणी प्लास्टरला हात घालतो. पीलचंही तसंच आहे. वरवरचं पील बाह्यत्वचेतच थांबतं. मध्यम पील आंतरत्वचेच्या वरच्या भागापर्यंत जातं आणि खोल पील तिच्या मधल्या थरापर्यंत. पहिल्यात तीन ते सात दिवस बारीक साल निघते, माणूस बहुधा कामावरही जाऊ शकतो. दुसऱ्यात आठवडा-दहा दिवस घरात बसावं लागतं. तिसरं हे जवळजवळ शस्त्रक्रियेच्याच तोडीचं.

जखम भरताना नव्या पेशी येतात त्या केसांच्या मुळांमधून आणि घामाच्या ग्रंथींच्या नळ्यांमधून. चेहऱ्यावर या दोन्हींची रेलचेल असते, म्हणून चेहरा पटकन सावरतो. मानेवर त्या विरळ असतात. तेच आम्ल, तेवढाच वेळ, पण मान मात्र हट्टाने व्रण धरून बसू शकते. 'डॉक्टर, उरलंय तर मानेलाही लावा' असं म्हणणाऱ्यांना हे सहसा कोणी समजावून सांगत नाही.

बाटलीवरचा टक्का पाहून खोली कळते असा एक सार्वत्रिक समज आहे. ग्लायकोलिक दवाखान्यात साधारण २० ते ७० टक्क्यांपर्यंत वापरतात. पण ७० टक्के लिहिलेल्या दोन बाटल्या अगदी वेगळं वागू शकतात, कारण त्वचेत शिरतो तो आम्लाचा मुक्त भाग, आणि तो किती आहे हे पीएचवर ठरतं. ग्लायकोलिकच्या बाबतीत पीएच ३.८ च्या आसपास असेल तर निम्मंच आम्ल मुक्त असतं. पीएच आणखी खाली गेला की तेच द्रावण कितीतरी तिखट होतं. त्यात भर आम्ल किती वेळ ठेवलं, किती थर दिले, आधी त्वचा किती घासून पुसली, आदल्या रात्री कोणतं क्रीम लावलं होतं याची. रेणूचा आकारही मोजावा लागतो. मँडेलिकचा रेणू ग्लायकोलिकच्या दुप्पट वजनाचा, म्हणून तो सावकाश उतरतो आणि नाजूक त्वचेला मानवतो.

प्रत्यक्ष पील पाहिलं तर वाटेल, एवढंच? चेहरा धुऊन स्पिरिट किंवा अॅसिटोनने तेल पुसतात. डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्यांच्या कडा आणि ओठ यांवर व्हॅसलीनचं बोट फिरवतात, कारण आम्ल तिथे साचतं. मग ब्रशने किंवा गॉजने आधी कपाळ, मग गाल, हनुवटी, आणि नाजूक जागा सगळ्यांत शेवटी. चुरचुरायला लागतं, छोटा पंखा हातात येतो. सहायकाचं लक्ष डोळ्यांवर असतं, कारण डोळ्यांतून पाणी आलं तर तो ओघळ आम्लाला सोबत घेऊन मानेवर उतरतो. ग्लायकोलिक असेल तर घड्याळ लावलेलं असतं. त्वचा एकसारखी लाल झाली, की वेळ संपायची वाट न पाहता सोड्याच्या पाण्याने आम्ल मारून टाकतात. टीसीए असं मारावं लागत नाही, ते आपलं काम करून तिथेच संपतं. सगळं मिळून वीस-पंचवीस मिनिटं.

या विद्येचा इतिहास मोठा रंगतदार आहे. एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नाचे फर्डिनांड फॉन हेब्रा वांग आणि चेहऱ्यावरचे डाग घालवण्यासाठी कडक रसायनं लावत. हॅम्बुर्गचे पॉल उन्ना यांनी १८८२ मध्ये सॅलिसिलिक, रेसॉर्सिनॉल, फिनॉल आणि टीसीए या चौघांचे गुण लिहून ठेवले. त्यातलं टीसीए आणि सॅलिसिलिक आजही रोजच्या वापरात आहे. जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या मॅक्स जेस्नर यांनी सॅलिसिलिक, लॅक्टिक आणि रेसॉर्सिनॉल प्रत्येकी १४ टक्के घेऊन अल्कोहोलमध्ये जे मिश्रण केलं, ते त्यांच्या नावाने आजही मुंबई-पुण्यातल्या दवाखान्यांत मिळतं.

फिनॉलची कथा मात्र डॉक्टरांपेक्षा बिगरडॉक्टरांनी जास्त रंगवली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लॉस एंजेलिस आणि मायामीमध्ये सुरकुत्या घालवून देणाऱ्या बायका होत्या. वैद्यकीय पदवी नाही, पण हातात गुप्त मिश्रण आणि दारात सिनेमातल्या तारका. त्यांचं गुपित हळूहळू प्लास्टिक सर्जनांच्या कानी आलं. मायामीचे थॉमस बेकर आणि हॉवर्ड गॉर्डन यांनी १९६० च्या दशकात जे सूत्र रूढ केलं ते असं : ८८ टक्के फिनॉल ३ मिलिलिटर, पाणी २ मिलिलिटर, द्रवसाबणाचे ८ थेंब आणि क्रोटन तेलाचे ३ थेंब. हे क्रोटन तेल म्हणजे आपल्या जमालगोट्याचं तेल. ज्याच्या नुसत्या नावाने पोटात गोळा येतो, त्या बियांचं तेल हॉलिवुडच्या नायिका चेहऱ्याला लावत होत्या! अनेक वर्षं समज असा होता की सगळी करामत फिनॉलची. ग्रेगरी हेटर या अमेरिकी सर्जनने २००० साली दाखवलं की जखम किती खोल जाईल हे बऱ्याच अंशी त्या थेंबांवर ठरतं.

फिनॉल त्वचेतून रक्तात जातं आणि हृदयाची लय बिघडवू शकतं. म्हणून खोल पील करताना ईसीजी सुरू ठेवावा लागतो, शिरेतून सलाईन द्यावं लागतं, आणि चेहऱ्याचे भाग पाडून मधेमधे थांबत काम करावं लागतं. जून २०२४ मध्ये ब्राझीलच्या साओ पाउलोत एका सौंदर्यकेंद्रात फिनॉल पील करून घेतल्यावर एका तरुणाचा मृत्यू झाला. पील करणारी व्यक्ती डॉक्टर नव्हती. त्याच महिन्यात तिथल्या आरोग्य नियामक संस्थेने, आन्विसाने, आरोग्य आणि सौंदर्य उपचारांत फिनॉल वापरण्यावर बंदी घातली.

भारतात खोल पील जवळपास कोणी करत नाही. त्याचं कारण हृदयाइतकंच रंगातही आहे. हार्वर्डचे थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये प्रकाशोपचाराची मात्रा ठरवण्यासाठी त्वचेचे प्रकार पाडले. किती लवकर भाजते आणि किती काळवंडते, एवढीच त्यांची कसोटी. सुरुवातीला चारच प्रकार होते, तेही गोऱ्यांचे. तपकिरी आणि काळ्या त्वचेसाठी पाचवा आणि सहावा नंतर जोडला गेला. आपल्याकडची बहुसंख्य मंडळी चौथ्या-पाचव्या प्रकारात बसतात. रंग तयार करणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्यात आणि सावळ्यात साधारण सारखीच असते, पण सावळ्या त्वचेतल्या पेशी अधिक रंग बनवतात आणि थोडंसं डिवचलं तरी कामाला लागतात. आपल्याकडे डास चावल्याचा, मुरूम फोडल्याचा, कुकरची वाफ लागल्याचा डाग वर्षभर राहतो तो याच कारणाने. पील म्हणजे अख्ख्या चेहऱ्याला डिवचणं. डाग घालवायला गेलेली बाई दुप्पट डाग घेऊन परत येऊ शकते.

त्यामुळे भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी आपली वेगळी चाल बसवली आहे : उथळ जा, सावकाश जा, पुन्हा पुन्हा जा. त्वचारोगतज्ज्ञांच्या आयएडीव्हीएल या राष्ट्रीय संघटनेने २००८ मध्ये पीलसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. हलकी पील्स दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने, साधारण सहा वेळा. आणि त्याआधी दोन ते चार आठवडे 'प्रायमिंग'. म्हणजे रात्री ट्रेटिनॉइन, हायड्रोक्विनोन किंवा तत्सम क्रीम आणि दिवसा सनस्क्रीन. त्याने रंगपेशी आधीच शांत होतात आणि आम्ल सगळीकडे सारखं उतरतं. आणखी एक फायदा असा की, जो माणूस चार आठवडे नेमाने सनस्क्रीन लावू शकत नाही, तो पीलनंतरही लावणार नाही, हे डॉक्टरांना वेळीच कळतं.

एवढं सगळं करून मिळतं काय? मुरूम कमी होतात, त्यांचे ताजे काळे डाग फिके पडतात, त्वचेचा खरखरीतपणा आणि बारीक सुरकुत्या थोड्या निवळतात. चेहऱ्यावर सुईने टोचल्यासारखे खोल खड्डे असतील तर अख्ख्या चेहऱ्याचं पील फारसं उपयोगी पडत नाही. त्यासाठी कोरियन डॉक्टरांनी २००२ मध्ये मांडलेली युक्ती आहे. ६५ ते १०० टक्के टीसीए घ्यायचं आणि टोकदार लाकडी काडीने, दात कोरायच्या काडीसारख्या, फक्त खड्ड्याच्या तळाला टेकवायचं. तेवढाच ठिपका पांढरा पडतो, आणि भरताना तळ वर येतो.

वांगाबद्दल आशा जपून ठेवावी. रंग बाह्यत्वचेत असेल तर पील मदत करतं. आंतरत्वचेत उतरलेला असेल तर हलकं पील तिथवर पोचतच नाही, आणि खोल जायची तर सोय नाही. शिवाय वांग परत येतो. ऊन, गरोदरपण, संप्रेरकांच्या गोळ्या, कशानेही. आणि गोरेपणाचं म्हणाल, तर पील जन्मजात रंग बदलत नाही. ऊन लागून चढलेला थर उतरतो, एवढंच. 'स्किन व्हाइटनिंग पील' हा शब्द जाहिरात लिहिणाऱ्याने शोधलेला आहे.

पीलच्या वाटेवर आणखी एक काटा आहे तो केमिस्टच्या काउंटरवरचा. अमेरिकेत १९७५ मध्ये अल्बर्ट क्लिगमन यांनी वांगासाठी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टिरॉइड असं तिहेरी मिश्रण सुचवलं. ठरावीक आठवडे, देखरेखीखाली वापरायचं हे औषध आपल्याकडे गोरं करणारं क्रीम म्हणून मैत्रिणी मैत्रिणींना सुचवत गेल्या. देशभरातल्या त्वचारोग केंद्रांत तपासलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते. २०१८ मध्ये सरकारने १४ प्रकारची स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती मिळायची थांबलेली नाहीत. अशा क्रीमने पातळ झालेल्या त्वचेवर नेहमीच्या मापाचं आम्ल अपेक्षेपेक्षा खूप खोल जातं. म्हणून डॉक्टर विचारतात, "रात्री काय लावता?" आणि उत्तर देताना बहुतेक जण चाचरतात. ट्यूब सरळ पर्समध्ये घालून न्यावी.

पीलनंतरचे दिवस कंटाळवाणे असतात. सुटणारी साल ओढायची नाही, स्क्रब नाही, वाफ नाही, काही दिवस ट्रेटिनॉइनही नाही. मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, एवढंच. पुण्यात दुचाकीवर डोळे सोडून सगळं झाकणाऱ्या स्कार्फची खूप थट्टा झाली आहे, पण त्वचेच्या दृष्टीने ती पद्धत उत्तम. सनस्क्रीनबद्दल एक नवी गोष्ट कळली आहे : सावळ्या त्वचेला अतिनील किरणांइतकाच डोळ्यांना दिसणारा प्रकाशही काळवंडवतो. नेहमीचं पांढरं सनस्क्रीन तो अडवत नाही. लोहाचं ऑक्साइड घातलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन अडवतं. वांग असणाऱ्यांनी तेच मागून घ्यावं.

आता ही आम्लं टपालानेही घरी येतात. अमेरिकेच्या एफडीएने जुलै २०२४ मध्ये, घरी वापरायला ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या तीव्र टीसीए, ग्लायकोलिक, सॅलिसिलिक आणि लॅक्टिक पील्सबद्दल ग्राहकांना सावध केलं आणि विक्रेत्यांना ताकीद दिली. घरगुती क्रीम किंवा सीरमसाठी तिथल्या सौंदर्यप्रसाधन तज्ज्ञमंडळाने १९९८ मध्येच मर्यादा सुचवली होती : ग्लायकोलिक किंवा लॅक्टिक १० टक्क्यांपर्यंत आणि पीएच ३.५ च्या वर. त्या मर्यादेतलं सीरम आणि बाटलीतलं ७० टक्के आम्ल ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. दारावरच्या पाटीकडेही पाहावं. 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' ही पाटी सहा महिन्यांचा कोर्स करूनही लावता येते. एमडी, डीएनबी किंवा डीडीव्हीएल अशी त्वचारोगातली पदवी वा पदविका आणि वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच करायचं कारण नाही.

चांगला डॉक्टर काहींना परत पाठवतो. ओठांवर हर्पिसचे फोड आलेले असतील, चेहऱ्यावर उघडी जखम असेल, तर आधी ते बरं व्हायला हवं. गरोदरपणी सॅलिसिलिक आणि टीसीए टाळतात. ज्यांच्या जखमा जाड, उंच होऊन वाढतात त्यांना मध्यम पीलही नको. आणि जे दिवसभर उन्हातच असतात, चौकातले वाहतूक पोलीस, शेतात राबणाऱ्या बायका, डिलिव्हरीची मुलं, त्यांच्या ताज्या पीलवर दुपारचं ऊन पडणारच असतं. त्यांना शहाणे डॉक्टर पीलचे पैसे खर्चच करू देत नाहीत. रात्री लावायला अॅझेलेइक आम्लाचं क्रीम, दिवसा सनस्क्रीन आणि रुंद काठाची टोपी अशी चिठ्ठी लिहून देतात, आणि तीन महिन्यांनी दाखवायला बोलावतात.